चार आण्यांचा वस्तरा

आयुष्यभर बँकेत कॅशियर होतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी मोजायला दुसऱ्याचे पैसे उरले नाहीत, म्हणून स्वतःचे मोजायला बसलो. दूध, किराणा, गॅस ही खाती बायकोकडे. तिथे हात घालायची सोय नव्हती. माझ्या एकट्याच्या मालकीचं असं एकच खातं निघालं: दाढी. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या सलूनमध्ये आठवड्यातून दोनदा, दर खेपेला ६० रुपये. वर्षाचे झाले ६,२४०. आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. एवढ्या पैशांचे कंदी पेढे घेतले असते, तर हाती काहीतरी लागलं असतं. निदान मधुमेह.

घरी दाढी करायचे प्रयोग पूर्वी झाले होते. ते प्लास्टिकच्या दांड्याचं, पाच पात्यांचं यंत्र मुलाने आणून दिलं होतं. आमच्या हेड ऑफिसची रचना मला त्यात तंतोतंत दिसली. एक पातं काम करतं आणि चार देखरेख करतात. शिवाय पाती संपली की नव्या पात्यांची किंमत यंत्रापेक्षा जास्त.

मग एके रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. एक गृहस्थ सांगत होते, उघडा वस्तरा घ्या, एकदा घ्या, जन्मभर पाहायला नको. आजोबा-पणजोबा काय पाती विकत घेत होते का? मला अगदी पटलं. ते गृहस्थ बोलत होते तेव्हा त्यांची दाढी छातीपर्यंत रुळत होती. खरं तर मला तिथेच शंका यायला हवी होती.

वस्तऱ्याची किंमत ३४९ रुपये. मी लगेच हिशोब केला. आठवड्याचे १२० वाचणार, म्हणजे तीन आठवड्यांत भांडवल वसूल आणि पुढे जन्मभर नफा. इतका परतावा आमच्या बँकेने कुठल्याही ठेवीवर दिला नव्हता.

पार्सल आलं तेव्हा बायकोने डबीतल्या मखमलीकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय, वाघनखं आली का?” जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात आली, तेव्हापासून आमच्या घरात मखमलीवर ठेवलेल्या कुठल्याही लोखंडी वस्तूला हाच प्रश्न असतो. वस्तरा दिसायला मात्र देखणा. काळी कुळकुळीत मूठ, आरशासारखं पातं आणि पात्यावर कोरलेला सिंह. त्या सिंहाच्या चेहऱ्यावरचे भाव पाहता त्याचीही दाढी याच वस्तऱ्याने केली असावी. पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दाढीसाठी मराठीत क्रियापदांची चंगळ आहे. कसबी हात दाढी घोटतो. घाईतला माणूस ती उरकतो, नवशिका खरडतो, रागावलेला भादरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर मी जे करत होतो, त्याचं क्रियापद सुतारकामातून आणावं लागेल: मी तासत होतो. वस्तरा निवडणुकीतल्या उमेदवारासारखा गालावरून फिरत होता. एकेका केसाला प्रत्यक्ष भेटायचा, त्याला हात घालायचा, हलवून विचारपूस करायचा आणि त्याचं काही काम न करता पुढच्या केसाकडे जायचा. मी जोर लावला. त्याबरोबर हनुवटीखाली रक्त आलं. ज्याला केस कापता येत नाही, त्याला कातडी मात्र बरोबर कापता येते, हे गूढ मला उकलेना. तुरटीचा खडा फिरवला, टॉवेल गुंडाळला आणि एक गाल तासलेला, एक शाबूत, अशा अवस्थेत सलून गाठलं.

आमच्या सलूनवाल्या मामांचा हात तीस वर्षं माझ्या चेहऱ्यावरून फिरतो आहे. माझ्या बायकोला माहीत नसलेला एक तीळ त्यांना माहीत आहे. सलूनमध्ये समोर संत सेना महाराजांची तसबीर, शेजारी जिवा महालांची. प्रतापगडाखाली १६५९ साली शिवाजी महाराजांवरचा सय्यद बंडाचा वार ज्यांनी अडवला, ते जिवा महाला नाभिक समाजातले. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे वाक्य मामांनी आरशाच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आहे. खाली बाकावर चौघे जण बसलेले आणि चौघांच्या हातांत ‘पुढारी’चं एकेक पान. एकच पुढारी चौघांत वाटला गेलेला असला, की आमच्या जिल्ह्यात कुणालाच आश्चर्य वाटत नाही.

मामांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “सायेब, बिनपान्यानं कुनी केली?”

मी गुपचूप वस्तरा पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला, उघडून एक डोळा मिटून पात्याच्या कडेने पाहिलं, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवला. मग आरशाखालच्या फरशीवर पातं आडवं ठेवून एका टोकाला बोट लावलं. पातं ‘टक’ म्हणालं. दुसऱ्या टोकाला बोट लावलं. पुन्हा ‘टक’. एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखा तो वस्तरा डुलत होता. बाकावरच्या चौघांनी पुढारी खाली ठेवला.

“ह्यो वस्तरा न्हाई,” मामांनी निकाल दिला. “वस्तऱ्यावानी दिसनारा अडकित्ता हाय.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्या व्हिडिओवाल्याने सांगायला हवं होतं. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती शोभेसाठी नव्हे. धार लावताना वस्तरा दगडावर आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही एकदमच टेकल्या पाहिजेत. पाठीच्या जाडीवरून धारेचा कोन ठरतो. पाठ वाकडी असेल, पातं पिळलेलं असेल, तर धार काही ठिकाणी दगडाला लागते, काही ठिकाणी अधांतरी राहते. चांगल्या वस्तऱ्याचं पोट दोन्ही बाजूंनी खोलगट कोरलेलं असतं, म्हणून धारेजवळ पोलाद पातळ होतं. माझ्या वस्तऱ्याला पोटच नव्हतं. सगळा अंगाने भरलेला. आणि पोलाद नीट तापवून विझवलेलं नसेल, पाणी नीट चढवलेलं नसेल, तर लावलेली धार एका गालाच्या प्रवासातच मान टाकते. बोथट पातं केसावरून घसरतं, माणूस जोर लावतो आणि सगळा जोर कातडीवर निघतो. माझ्या हनुवटीचं गूढ उकललं.

“पन नवा आनलाय की मामा,” मी म्हणालो.

“नवा वस्तरा म्हंजी नवं तंबोरं,” मामा म्हणाले. “दुकानातनं आनलं म्हनून सुरात वाजतंय व्हय?”

मग त्यांनी कपाटातून वडिलांची धोकटी काढली. चामड्याची, काळी पडलेली. तिच्यात नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, निसण्याचा दगड आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा. जर्मनीतल्या सोलिंगेनचा. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसं सोलिंगेनने आपल्या नावाला १९३८ सालीच कायद्याचं कुंपण घातलं. दुसरीकडे घडवलेल्या पात्यावर ते नाव ठोकता येत नाही. मामांचे वडील हा वस्तरा घेऊन गावोगाव फिरायचे. पारावर गिऱ्हाईक बसवायचं, वाटीतल्या पाण्याने गाल भिजवायचा आणि वस्तरा तळहातावर उलटसुलट परजायचा. रोख पैशाचं नाव नाही. सुगीत खळ्यावर जायचं आणि बलुत्याची ज्वारी घरी आणायची. वर्षभराच्या दाढ्या एकदम पायलीने मोजायच्या. माझ्यातला कॅशियर हे ऐकून अस्वस्थ झाला. ज्वारीला पावती कशी देणार?

“मग तुम्ही हाच का वापरत नाही?” मी विचारलं.

नव्वदच्या दशकात एड्सची भीती गावोगाव पोचली आणि एकाच्या गालावरचं पातं दुसऱ्याच्या गालावर चालेना. तेव्हापासून मामांच्या हातात दिसायला वस्तराच असतो, पण त्याच्या जबड्यात ब्लेडचा अर्धा तुकडा. गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड काढायचं, कागदासकट मधोमध वाकवायचं, ‘कट्’ असा आवाज येतो, एक तुकडा माझा, दुसरा पुढच्याचा. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या गृहस्थाने १९०४ साली फेकून द्यायच्या पात्याचं पेटंट मिळवलं. आधीच्या वर्षी, १९०३ मध्ये, त्याच्या कंपनीने अवघी ५१ यंत्रं आणि १६८ पाती विकली होती. त्याने विकलं ते पातं नव्हेच. धार लावण्यापासूनची सुटका विकली. आता मामांच्या हातातल्या हत्याराचं धड वस्तऱ्याचं आहे आणि दात जिलेटचे.

इतकं कळल्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण मी ३४९ रुपये घातले होते आणि कॅशियर बुडीत खातं सहजासहजी लिहून टाकत नाही. धार लावली की झालं, असं मला वाटत होतं. सासुरवाडी सांगली जिल्ह्यात. एसटीने कराड, पेठ नाका करत सांगलीला उतरलो. मेहुण्याने सांगितलं, “दाजी, मिरजेत शिकलगार हायती, पिढ्यान् पिढ्या धार लावनारी.” शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी देणारे, त्यांना लखलखीत करणारे कारागीर. मी मिरज गाठलं आणि विचारत विचारत एका गल्लीत पोचलो. समोर भोपळे टांगलेले. मोठमोठे, वाळलेले, ओळीने. आत एक कारागीर तानपुऱ्यावर वाकून बसलेला.

मी खिशातून वस्तरा काढला. त्याने आधी वस्तऱ्याकडे, मग माझ्या हनुवटीवरच्या चिकटपट्टीकडे पाहिलं. बहुधा तानपुऱ्याचं बिल थकवलेला कुणी गवई आपल्या जिवाचं बरंवाईट करून घेणार, असं त्याला वाटलं असावं. मी धारेचं विचारलं.

“उशीर केलात,” तो म्हणाला. “सव्वाशे-दीडशे वर्षं उशीर केलात.”

खरंच होतं. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा मिरजेच्या शिकलगारांनी, त्यांत फरीदसाहेब शिकलगारांचं नाव पहिलं, एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तानपुरे घडवायला घेतले. शिकलगारांचे सतारमेकर झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तलवारीला पाणी देणाऱ्या हातांनी भोपळ्याला सूर दिला आणि मी त्यांच्याकडे ३४९ रुपयांचा अडकित्ता घेऊन गेलो होतो.

त्याने मला हाकलून दिलं नाही. बसवलं आणि जवारी लावणं म्हणजे काय ते दाखवलं. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा, की तार त्याला ओझरती शिवत राहते आणि सूर भरून येतो. “किती घासायचं ते कुणीही शिकवेल,” तो म्हणाला. “कुठं थांबायचं, त्याला जन्म लागतो.” वस्तऱ्याच्या धारेबद्दल मला याहून चांगलं वाक्य कुणी ऐकवलेलं नाही. परत येताना एसटीत ते घोकलं आणि घरी आल्यावर न थांबता दगड मागवला.

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो मसाला इथून सुरू झाला. धारेचा कोन बसवायला एक हजाराचा खरखरीत दगड, तो गुळगुळीत करायला सहा हजाराचा. दोन्ही बाजू एकत्र असलेला, १,४५० रुपये. (हजार आणि सहा हजार हे दगडाच्या कणांचे नंबर, किंमत वेगळी. बायकोला हे समजावताना दमछाक झाली.) दर दाढीआधी चाळीस-पन्नास वेळा परजायला चामड्याचा पट्टा, ९००. त्या पट्ट्यावर वस्तरा पाठ पुढे ठेवून ओढायचा. मी एकदा धार पुढे ठेवून ओढला, तेव्हा पट्ट्याचे दोन झाले. दुसरा पट्टा, आणखी ९००. ब्रश आणि साबणाची वाटी ३८०. तुरटी २०, चिकटपट्ट्या ६०, धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. वस्तरा धरून ४,०५९ रुपये. आणि तरीही आठवड्यातून दोनदा उरलेली दाढी करून घ्यायला मामांकडे जावंच लागे, त्याचे ६० चालूच.

दीड महिन्याने एकदा वस्तऱ्याने खरोखर दाढी केली. डाव्या कानाखाली, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत. तिथे गाल असा गुळगुळीत झाला, की मी घरात सगळ्यांना हात लावायला लावला. बायको म्हणाली, “छान. आता उरलेलं तोंड कधी?”

याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आत्मकथन पुन्हा हाती आलं आणि एका जागी मी अडखळलो. बाबासाहेबांचं बालपण याच साताऱ्यात गेलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव इथल्या सरकारी शाळेत दाखल झालं. त्यांनी लिहिलं आहे, की घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची आणि करून करून त्या कामात ती तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी होते. त्यांना द्यायला घरात पैसे होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. घरी हजामत करणं ही माझी हौस होती, ३४९ रुपयांची. सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात एका मुलीच्या हातात ते हत्यार हौसेने आलेलं नव्हतं.

पुढच्या खेपेला हे मामांना सांगितलं. त्यांचा हात हवेतच थांबला. “आमच्यातल्याच कुनीतरी न्हाई म्हटलं आसनार,” ते म्हणाले आणि पुढे दाढी संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तीस वर्षांतली ती पहिली मुकी दाढी. मला ती शांतता सोसेना. मग मी त्यांना दुसरी हकीकत सांगितली. १८९० साली मुंबईत, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी जमली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. केशवपनाच्या त्या कामाचे त्यांना पैसे मिळत. स्वतःच्याच पोटावर पाय देऊन त्यांनी वस्तरा मिटला. ज्या सत्यशोधक समाजातून हे घडलं, तो स्थापणारे जोतीराव फुले मूळचे आमच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे.

मामांनी टॉवेल झटकला. “म्हंजी एकदा तरी बरोबर जागी न्हाई म्हटलं म्हनायचं.” मग त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मान दाबली आणि पैसे घेताना म्हणाले, “सायेब, हात काय सोत्ता कापत न्हाई. कुनाला न्हाई म्हनायचं आन् कुनाला बस म्हनायचं, त्यातच सगळं.”

तर स्वस्त वस्तरा घ्यावा का, असं आता लोक मला विचारतात. कारण पोस्टाच्या तिकिटाएवढी का होईना, मी तज्ज्ञतेची जागा कमावली आहे. माझं उत्तर असं: धार लावायला शिकायचं असेल आणि शिकताना काहीतरी बिघडवायचंच असेल, तर जरूर घ्यावा, तो बिघडला तर वाईट वाटत नाही, आणि कधी कधी बिघडला की सुधारला हेही कळत नाही. दाढीच करायची असेल, तर अर्धं ब्लेड बसणारी मूठ घ्यावी, किंवा कुणाच्या आजोबांच्या धोकटीतला जुना वस्तरा मिळवावा. आणि दाढी करून घ्यायची असेल, तर सलूनमध्ये जावं. दुकानात पोलाद मिळतं, दगड मिळतो, पट्टा मिळतो. हात मात्र ६० रुपयांत फक्त भाड्याने मिळतो आणि सोबत पुढारीचं पान फुकट.

सांगलीत मात्र याबद्दल मी जपून बोलतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांनी तर पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या स्त्रियांना नेसायचं-नटायचं वळण लावलं. ज्या मातीत नटाला मिसरूड फुटलं की नायिकेवर संकट येत होतं, त्या मातीतल्या लोकांना दाढीबद्दल काय शिकवायचं?

आणि वस्तऱ्याचं काय झालं? आषाढात बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, सासुरवाडीला गेलो. मेहुण्याकडे ट्रॅक्टर आहे, पण हौसेने खिलारी जोडीही ठेवली आहे. सकाळी बैल धुऊन झाले आणि शिंगं साळायला घेतली. हिंगूळ लावायच्या आधी शिंगावरची खरबरीत साल काढून ती गुळगुळीत करायची असतात. मेहुणा काचेच्या तुकड्याने घासत होता. मी पिशवीतून डबी काढली. म्हटलं, हे बघ जमतंय का.

त्याने वस्तरा उघडला, बैलाच्या शिंगावर टेकवला आणि ओढला. शिंगाची एक लांबलचक, पातळ, कांद्याच्या सालीसारखी पापडी गोल वळत खाली पडली. मग दुसरी. शिंग हस्तिदंतासारखं चमकायला लागलं. बैल डोळे मिटून रवंथ करत होता. मामांच्या खुर्चीत मी बसतो, अगदी तसा. मला एकदम आठवलं. माणसाचा केस आणि बैलाच्या शिंगावरचं आवरण, दोन्ही एकाच द्रव्याचं असतं. शाळेत शिकवलं होतं: केराटीन. वस्तरा बिचारा पहिल्यापासून आपलं काम करायला तयार होता. मीच त्याला चुकीच्या तोंडापुढे उभा केला होता.

मेहुण्याने दुसऱ्या शिंगावरून हात फिरवला आणि समाधानाने वळून माझ्याकडे पाहिलं.

“दाजी, वस्तरा झकास हाय. आनखी एक मागवा की. बैल दोन हायती.”